दिंडोरी ते न्हावाशेवा : द्राक्षाच्या पेटीमागून सहा दिवस

नाशिक जिल्ह्यातला शेती-उद्योग बघायचा असेल तर फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरावा. ऑक्टोबरच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीला चार-साडेचार महिने झालेले असतात, निर्यातीची तोडणी जोरात असते, पॅकहाउस दोन पाळ्यांत चालतात आणि तिकडे सांगलीकडच्या तासगावात बेदाण्याचे रॅक भरू लागलेले असतात. ताजी निर्यात, वाइन आणि बेदाणा या एकाच फळाच्या तिन्ही वाटा एकाच फेरीत दिसतात.

ही फेरी करताना सारखं एकाच गोष्टीवर लक्ष ठेवावं : माल एका हातातून दुसऱ्या हातात कुठे जातो. भाव तिथेच बनतो आणि नुकसानही तिथेच होतं. ती जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावर गावाच्या पदरात काय पडणार ते ठरतं.

पहिला दिवस : दिंडोरीची बाग

नाशिकहून दिंडोरी पंचवीस-सव्वीस किलोमीटर. उजाडताना बागेत पोचायला हवं, कारण मण्याचं तापमान २० अंशांच्या वर जायच्या आत घड उतरवायचे असतात. दहाच्या सुमाराला तोडणी थांबते. दव पडलेलं असेल तर ते सुकेपर्यंत कात्री लावता येत नाही. ओला घड क्रेटमध्ये गेला तर पुढे बुरशी ठरलेली. म्हणजे हाताशी दोन-तीन तास, आणि तेवढ्यात चाळीस-पन्नास माणसांचं काम.

बागेचा हिशोब जागेवरच मांडता येतो. वेली ९ बाय ५ फुटांवर, म्हणजे वेलीला ४५ चौरस फूट आणि एकरी ९६८ वेली. निर्यातीच्या मालासाठी साधारण दीड चौरस फुटाला एक घड ठेवतात, म्हणजे वेलीवर तीस. घड सरासरी ३५० ग्रॅमचा धरला तर एकरी दहा टनांच्या आसपास माल निघतो. वेलीवर पन्नास घडही धरतील. पण मग मणी फुगत नाहीत, साखर उतरत नाही आणि पुढच्या वर्षीची काडी कच्ची राहते. नवीन बागायतदार इथेच फसतो. घड काढून टाकायला हात धजत नाही आणि हंगामाच्या शेवटी स्थानिक बाजारातही पडेल भावाने विकावा लागेल असा माल हाती येतो.

खुंट (खालचं मूळ आणि बुंधा) डॉगरिज या जातीचा, त्यावर थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाचं कलम. १९९०च्या दशकात पाणी कमी पडू लागलं, जमिनी क्षारपड होऊ लागल्या, तेव्हा स्वतःच्या मुळांवरच्या वेली टिकेनात. त्यानंतर राज्यभर डॉगरिज पसरला. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावायचा, पावसाळा सरता सरता कलम भरायचं आणि पहिल्या खऱ्या पिकासाठी आणखी वर्षभर थांबायचं. तोवर लोखंडी अँगल, तार, ठिबक सगळं उभं करावंच लागतं. उत्पन्नाआधी दीड-दोन वर्षं पैसा गुंतलेला राहतो आणि बहुतेक ठिकाणी तो कर्जाचा असतो. पाऊण-एक एकरवाल्यांना ही शेती जड का जाते, याचं कारण हे आहे.

वर्षात छाटण्या दोन, पीक एकच. एप्रिलमधल्या खरड छाटणीत ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एकेक डोळा (फूट निघण्याची जागा) राखून काडी नव्याने वाढवतात. पुढच्या ऑक्टोबरात किती घड निघणार हे या छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत ठरतं. त्या काळात आभाळ दाटून राहिलं तर डोळ्यात घडाऐवजी बाळी (वेलीचा नुसता तंतू) तयार होते आणि ती चूक ऑक्टोबरात कुठल्याही खताने दुरुस्त होत नाही. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून एक-दोन दिवसांत काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्टिंग करतात. हे रसायन विषारी आहे. हातमोजे हवेतच, आणि पेस्टिंग करणाऱ्याने आदल्या दिवशी, त्या दिवशी किंवा पुढचे काही दिवस दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. मजुरांच्या टोळीला हे दरवर्षी नव्याने सांगायला हवं. बऱ्याच बागांत ते सांगितलं जात नाही, हे फार वाईट आहे.

टोळ्या येतात पेठ आणि सुरगाण्याकडून. तिकडे पावसाळ्यात भात-नागली, पाणी संपलं की काम संपलं. ऑक्टोबरनंतर ही माणसं दिंडोरी-निफाडात उतरतात. छाटणी, वांझ (घड नसलेली) फूट काढणं, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) ही सगळी कामं एकरावर उक्ती. मणी ३-४ मिलिमीटरचे असताना आणि पुन्हा ६-७ मिलिमीटरचे झाल्यावर प्रत्येक घड जीए (जिबरेलिक अॅसिड, मणी वाढवणारं संजीवक) याच्या द्रावणात बुडवायचा असतो. एकरात एकोणतीस हजार घड आहेत हे लक्षात घेतलं की हा धंदा किती हातांवर चालतो ते कळतं. ज्वारी किंवा सोयाबीनचं एकर इतकी मजुरी देऊ शकत नाही. एका तालुक्याच्या पिकाने शेजारच्या डोंगराळ तालुक्यात पैसा पोचतो तो या वाटेने.

तोडणीआधीची तपासणी अशी : घडाच्या टोकाचा मणी घ्यायचा, कारण साखर तिथे सगळ्यात उशिरा उतरते. रिफ्रॅक्टोमीटरवर १८ ब्रिक्स (साखरेचं माप) हवा. चकतीने माप घ्यायचं, युरोपच्या चांगल्या ग्राहकाला १८ मिलिमीटरच्या वरचा मणी लागतो. रंग हिरवट-दुधाळ हवा. गुलाबी झाक आलेला मणी म्हणजे पिंक बेरी. ती येते दिवस गरम, रात्र फार थंड अशा हवेत. निफाडचा पारा जानेवारीत चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. त्यावर उपाय म्हणून मण्यात पाणी उतरण्याच्या आधीच घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. कागद उशिरा लावला तर त्याचा उपयोग नाही. कडाक्याच्या थंडीत मणी तडकतातही, म्हणून अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. मणी तडकण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, थांबत नाही.

दुसरा दिवस : पॅकहाउस

मोहाडीच्या बाजूला मोठी पॅकहाउस आहेत. आत जाताना डोक्याला टोपी, हात धुणं, अंगावरचे दागिने बाहेर ठेवणं हे सोपस्कार असतात. स्वेटर सोबत ठेवावा, प्री-कूलिंगच्या (माल झटपट गार करण्याच्या) खोलीत दहा मिनिटंही अवघड जातात.

पॅकिंग टेबलावर बसलेल्या बाईचं काम जवळून बघण्यासारखं आहे. घड देठाने उचलायचा, मण्याला बोट लावायचं नाही. बोट लागलं की मण्यावरचा मेणाचा पातळ थर निघतो, तिथे काळपट चकाकी येते आणि परदेशातला खरेदीदार तो माल हाताळलेला म्हणून बाजूला काढतो. निमुळत्या कात्रीने फुटका, लहान, गुलाबी, उन्हाने डागलेला मणी देठासकट कापायचा. देठाविना नुसता ओढला तर रस सुटतो आणि त्या एका थेंबाने अख्खं पनेट (घडांची छोटी डबी) नासतं. मग ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये घड बसवायचे, काटा थोडा वर ठेवायचा, कारण समुद्रात वजन घटतं. दहा पनेटांची पाच किलोची पेटी. सवयीच्या हातांना एका घडाला अर्धा मिनिटही लागत नाही.

यानंतर खेळ तापमानाचा. तोडणीपासून चार ते सहा तासांत माल प्री-कूलिंगला लागला पाहिजे आणि मण्याच्या गाभ्याचं तापमान ४ अंशांच्या खाली आलं पाहिजे. गंधकाचा पॅड मात्र माल गार झाल्यावरच ठेवायचा. हा पॅड ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि बुरशी रोखतो. कोमट मालावर पॅड ठेवून लायनर (पेटीतली प्लास्टिकची पिशवी) बंद केला तर आत घाम सुटतो, वायू एकदम बाहेर पडतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. हा दोष पॅकहाउसमध्ये दिसत नाही, तीन आठवड्यांनी युरोपात पेटी उघडल्यावर दिसतो. शीतगृहात शून्य ते एक अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता. रीफर (शीत) कंटेनरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे : कंटेनर माल गार करत नाही, आधी गार झालेला माल तसाच राखतो. आठ अंशांवर भरलेला पॅलेट (पेट्यांची थप्पी) नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत नीट शून्यावर येत नाही.

४० फुटी कंटेनरात १२ ते १४ टन द्राक्षं बसतात. एकराला दहा टन हा हिशोब धरला तरी सगळा माल निर्यातीच्या प्रतीचा निघत नाही, म्हणून एका कंटेनरमागे दोन एकर बाग उभी असते असं समजायला हरकत नाही.

पेटीवरच्या लेबलवरून माल कुठल्या प्लॉटचा ते शोधता येतं. ही व्यवस्था सहज आलेली नाही. २००३ साली भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि युरोपात मोठी नाचक्की झाली. त्यातून अपेडाने (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने) २००६-०७च्या हंगामात ग्रेपनेट ही मालाचा माग ठेवणारी व्यवस्था सुरू केली. प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अंश अहवाल, अॅगमार्क (प्रतीचं) आणि फायटोसॅनिटरी (कीड-रोगमुक्तीचं) प्रमाणपत्र, हे सगळं एका साखळीत बांधलं गेलं. तरी २०१० साली पुन्हा फटका बसलाच. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला वापरलेलं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीत राहून फळात उतरलं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच, त्यामुळे अहवाल स्वच्छ आणि माल बाद. एप्रिलमध्ये मारलेल्या औषधाचा हिशोब पुढच्या मार्चमध्ये द्यावा लागतो, हे तेव्हा सगळ्या राज्याला कळलं. म्हणून फवारणीची वही तोडणीच्या आदल्या आठवड्यात नव्याने लिहून काढणं हा स्वतःच्याच गळ्याला फास आहे. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, तोडणीपूर्वीचे ठरलेले दिवस, सगळं त्या त्या दिवशीच लिहावं.

मोहाडीत सह्याद्री फार्म्स आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही शेतकरी उत्पादक कंपनी देशातल्या सगळ्यात मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते आणि २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूक संस्थांनी या गटात ३१० कोटी रुपये गुंतवले. यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट द्राक्षाबाहेरची आहे. द्राक्षाचं पॅकहाउस जानेवारी ते एप्रिल चालतं, उरलेले आठ महिने शीतगृहाचं व्याज आणि वीजबिल तसंच चालू राहतं. सह्याद्रीने टोमॅटो आणि इतर फळांची प्रक्रिया सोबत घेतली. खरिपाचा टोमॅटो ऑगस्ट ते नोव्हेंबर येतो, म्हणजे यंत्रणा आणि माणसं दोन्ही कामात राहतात. मजूर बाईला चार महिन्यांऐवजी वर्षाचा पगार मिळू लागला तरच तिच्या घरातलं मूल टोळीबरोबर भटकत नाही, शाळेत टिकतं.

२००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचं प्रकरण आलं. दहा शेतकरी मिळून नोंदणी करता येते. पण बहुतेक कंपन्या बियाणं-खताच्या दुकानापलीकडे जात नाहीत. प्री-कूलिंगला लागणारं भांडवल दहा जणांच्या भागभांडवलातून उभं राहत नाही, हे त्याचं साधं कारण.

तिसरा दिवस : लासलगाव

द्राक्षाची शिस्त पाहिल्यावर कांद्याचा बाजार मुद्दाम बघावा. पिंपळगाव बसवंतहून निफाडमार्गे लासलगाव. सकाळी नऊपर्यंत आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीजवळ येतो, एक जण वरचे दोन-चार कांदे उचलून दाबून बघतो, बोली सुरू होते आणि मिनिटभरात क्विंटलचा भाव ठरतो. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. माल ओतल्यावर तळाला गोल्टी (बारीक कांदा) किंवा जोड कांदा जास्त निघाला तर तिथे भाव तोडायची भाषा होते. भाडं भरून आलेला शेतकरी माल परत नेणार कसा? त्याची बाजू तिथेच पडती असते. हिशोबपट्टीत हमाली, तोलाई वजा होऊन उरलेली रक्कम हातात.

फेब्रुवारीत येतो तो लाल आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा. त्यात पाणी जास्त, मान जाड, जेमतेम काही आठवडे टिकतो. म्हणून तो काढला की विकावाच लागतो. मार्च-एप्रिलचा उन्हाळ कांदा मात्र चाळीत पाच-सहा महिने राहतो. चाळ चार फूट रुंद, माल पाच फुटांपेक्षा उंच रचायचा नाही, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि फटींचा. याहून उंच रचलं तर मधला माल तापतो आणि सडतो. नीट चाळीतही सहा महिन्यांत वजन घट, सड, कोंब मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेलं कृषक हे विकिरण केंद्र आहे. ६० ते ९० ग्रे (विकिरणाचं माप) मात्रेने कोंब थांबतात. सड आणि वजन घट मात्र थांबत नाही, त्याला शीतगृहाचीच जोड लागते. हेच केंद्र २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याच्या कामी आलं.

कांद्याचा भाव मात्र चाळीत ठरत नाही, दिल्लीत ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क अशा अटींवर ती उठली, सप्टेंबरात शुल्क निम्मं झालं आणि १ एप्रिल २०२५ला उरलेलं २० टक्केही गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत इतके बदल. परदेशी ग्राहक अशा पुरवठादाराची वाट बघत बसत नाही. द्राक्षाच्या बागायतदाराने प्रयोगशाळा, नोंदणी, शीतसाखळी उभी केली, कारण पुढच्या वर्षीही माल जाणार याची त्याला खात्री होती. कांद्यात ही खात्रीच नाही, मग गुंतवणूक कोण करणार? शहरातला भाव खाली ठेवण्याची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजावी, याचं उत्तर मला आजवर पटेल असं मिळालेलं नाही.

चौथा दिवस : विंचूर, मग मांजरी

लासलगावशेजारी विंचूरला एमआयडीसीचं वाइन पार्क. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ सालचं. वाइनच्या द्राक्षाचं उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात, करार कारखान्याशी असतो आणि ब्रिक्सवर पैसे मिळतात. लक्षात ठेवायचं ते इतकंच : वाइनची जात खायला चालत नाही, त्यामुळे कारखान्याने माल नाकारला तर दुसरा बाजार नाही. कराराचा कागद नीट वाचूनच लागवड करावी.

तिथून पुणे, मांजरी. १९९७ साली सुरू झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. कुठलं औषध द्राक्षाला चालतं आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, ही यादी इथून निघते. बागायतदाराने दर हंगामाला नवीन यादी घ्यावी, मागच्या वर्षीची भिंतीवर लावून चालत नाही.

पाचवा दिवस : तासगाव

सांगली जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी पोचण्याआधी इथल्या बागा टँकरवर जगवलेल्या आहेत. तास-ए-गणेश हा थॉम्पसनमधून निवडलेला वाण याच मातीतला. बागायतदारांनी स्वतःच्या बागेत वेगळी वेल हेरून वाण काढायचे, ही इथली जुनी रीत. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे सोनाका आणि शरद सीडलेस तसेच.

बेदाण्याला २२ ब्रिक्सच्या वरचं द्राक्ष लागतं. १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवायचं, मग दीड लिटर डिपिंग ऑइल बारीक धारेने ओतत ढवळत राहायचं. द्रावण दुधासारखं झालं पाहिजे, वर तेलाचा तवंग दिसला तर ते फुटलं. क्रेट त्यात दोन ते चार मिनिटं बुडवतात. मण्यावरच्या मेणात बारीक भेगा पडतात आणि पाणी वाट काढतं. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर एकेरी थर. ऊन थेट लागू द्यायचं नाही, हिरवा रंग जातो. हवा मात्र आरपार हवी. बारा ते पंधरा दिवसांत माल तयार, ओलावा साधारण १५-१६ टक्के. चार किलोंचा एक किलो होतो. पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात.

अवकाळी पाऊस ही इथली सगळ्यात मोठी भीती. रॅकवर माल ओला असताना दोन दिवस पावसाळी हवा राहिली की तो काळा पडतो आणि भाव निम्म्याखाली येतो. बाजूचे ताडपत्रीचे पडदे आधीच बांधून गुंडाळून ठेवलेले असावेत, पाऊस आल्यावर दोऱ्या शोधायला वेळ नसतो.

बेदाण्याने शेतकऱ्याला थांबायची ताकद दिली. ताजं द्राक्ष थांबत नाही, शीतगृहातला बेदाणा दिवाळीपर्यंत थांबतो. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाण्यावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत, कर्ज मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांचाच माल येतो तेव्हा विकायचं नसेल तर हे कर्ज घ्यावं. सोसायटीचं देणं ३१ मार्चला फेडायचं म्हणून घाईत विकलेला माल बहुधा वर्षातल्या सर्वांत खालच्या भावाने जातो.

सहावा दिवस : न्हावाशेवा

मुंबईजवळच्या या बंदरात पासाशिवाय प्रवेश नाही. बाहेरून दिसतात ते रीफरच्या रांगा आणि त्यांना जोडलेल्या विजेच्या तारा. इथे जहाज चुकलं तर कंटेनर प्लगवर राहतो, भाडं वाढतं, मण्याचं आयुष्य कमी होतं. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा नेहमीच्या तीन-चार आठवड्यांत दहा-पंधरा दिवसांची भर पडली. इतक्या दिवसांत आधी देठ सुकून तपकिरी होतो, मणी नंतर बिघडतो. खरेदीदार देठ बघूनच भाव पाडतो. लांबच्या वाटेला म्हणूनच जाड, हिरव्या देठाचा आणि उशिरा नव्हे तर वेळेत काढलेला माल पाठवावा.

इथवर आलेल्या पेटीचा भाव ठरलेला असतोच असं नाही. पुष्कळ माल विक्रीनंतर हिशोब या बोलीवर जातो. पोचल्यावर किती पेट्या खराब निघाल्या, पुन्हा पॅकिंगला किती खर्च आला, हे सगळं पलीकडून कळतं आणि पट्टी दोन महिन्यांनी येते. म्हणून बागेत कात्री लावू देण्याआधी निर्यातदाराकडून चार गोष्टी कागदावर घ्याव्यात : भाव पक्का की विक्रीनंतरचा, आगाऊ रक्कम किती आणि कोणत्या तारखेला, खराबीचा अहवाल कोण देणार, त्याचे फोटो आणि कंटेनरमधल्या तापमान नोंदीची प्रत मिळणार का, आणि नाकारलेल्या मालाचं भाडं कोणाच्या अंगावर. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असंच धरावं.